टीव्ही न्यूजची सर्व्हिस: अटक घरपोच, जामीन तुम्हीच शोधून आणा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू केबलवाल्याचा नाहीये. आमचा केबलवाला गुणी माणूस आहे, भर पावसात वायर तुटली तरी गच्चीवर चढतो, त्याला पाच स्टार. हा रिव्ह्यू त्या वायरीतून जे घरात येतं त्याचा आहे, म्हणजे न्यूज चॅनल, मराठी हिंदी दोन्ही, आणि तेही एकाच बाबतीत: आंदोलनात कुणाला अटक झाली की हे लोक ती बातमी कशी देतात. पाऊस, क्रिकेट, सोन्याचा भाव याबद्दल माझी काही तक्रार नाही, सोन्याचा भाव तर अगदी बरोबर सांगतात.

रेटिंग पाचपैकी दीड. दीड का ते खाली येईल.

किंमतीचं म्हणाल तर आपण जवळजवळ काहीच देत नाही. बेसिक भाडं कित्येक वर्षं १३० अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये होतं, बरीचशी न्यूज चॅनल त्यातच येतात आणि जी पैसेवाली आहेत ती पण चिल्लरमध्ये. त्यामुळे गिऱ्हाईक आपण नाहीच, गिऱ्हाईक जाहिरातवाला, आणि त्याला टीआरपी लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

माझी मुख्य तक्रार आरडाओरड्याची नाही हां. आरडाओरडा काय, आवाज कमी करता येतो. तक्रार ही आहे की माल अर्धाच येतो. अटक झाली की तासाभरात घरपोच, फोटोसकट, फेसबुकवरचे जुने फोटो काढून, शेजाऱ्याच्या तोंडापुढे माईक धरून. पुढे त्याच माणसाला जामीन मिळाला, कोर्टाने पोलिसांना झापलं, केसच उभी राहिली नाही, तर ते खालच्या पट्टीतून असं सुळकन जातं की चष्मा लावेपर्यंत शेअर मार्केट सुरू झालेलं असतं.

बदलापूरचंच घ्या. मी अंबरनाथची, म्हणजे शेजारचं स्टेशन. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गुन्हा नोंदवायला उशीर केला हा मुख्य राग होता, आधी शाळेसमोर आणि मग स्टेशनात रुळांवर, संध्याकाळी लाठीमार करून रूळ मोकळे केले तोपर्यंत लोकल बंद. नंतर धरपकड झाली, शेकडो लोकांवर गुन्हे. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले की आंदोलक बाहेरून आले होते, हे सगळं राजकीय होतं. झालं, त्या एका वाक्यावर चॅनलांचा पूर्ण दिवस निघाला, बाहेरचे की आतले, सहा चौकटीत सहा माणसं आणि सातवा अँकर.

आता मला सांगा, हे तपासायला काय लागतं? ज्याला अटक केली त्याचं नाव, वय, राहणार कुठला हे रिमांडच्या कागदावर असतंच, त्याशिवाय कोर्टात उभं करता येत नाही. रिपोर्टरने कोर्टात जायचं, वकिलाकडून ते कागद बघायचे, किती पत्ते बदलापूरचे आणि किती बाहेरचे ते मोजायचे, काम खलास. मुख्यमंत्री खरे निघाले तर तसं सांगा, खोटे निघाले तर तसं सांगा, आम्हाला दोन्ही चालेल. पण मोजणी केली की डिबेट संपते ना, आणि डिबेट संपली तर साडेनऊ ते दहा काय दाखवायचं.

त्यात ते फुटेज. एक चॅनल (नाव घेत नाही, आमच्याकडे तेच लागतं) काही सेकंदांची एकच क्लिप चौकटीत गोल गोल फिरवत होतं, रुळांवर गर्दी, दगड येतोय, लोक पळतायत, परत पहिल्यापासून. कोपऱ्यात लाल अक्षरात लाईव्ह. बाहेर रात्रीचे नऊ वाजलेले, आमच्या खिडकीत काळोख, आणि लाईव्हमध्ये लख्ख दुपार! आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा मुलगा त्या क्लिपमध्ये डावीकडून येतो, हात वर केलेला, आणि त्याच्याभोवती लाल गोल. हातात दगड नाही, मोबाईल आहे, तो शूटिंग करतोय, थांबवून बघितलं तर स्पष्ट दिसतं. पण टीव्हीवर थांबवून कोण बघतं. त्याला पोलिसांनी धरलं नाही, नोटीस नाही, काही नाही, तरी काकू वाण्याकडे गेल्या की लोक विचारायचे, अहो तुमच्या मुलाचं काय झालं मग?

काकू म्हणाल्या तू शिकलेली आहेस, तक्रार लिही. म्हणून या सर्व्हिसचं कस्टमर केअर पण बघून झालं, त्याचाही रिव्ह्यू इथेच देते. पद्धत अशी की आधी चॅनललाच लेखी कळवायचं, कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांत, तारीख वेळ कार्यक्रमाचं नाव सगळं हवं. समाधान झालं नाही तर एनबीडीएसए म्हणून चॅनलवाल्यांच्या संघटनेनेच नेमलेली संस्था आहे, निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात, तिकडे जायचं, त्याचीही मुदत ठरलेली, आणि हे सुद्धा चॅनल त्या संघटनेचा मेंबर असेल तरच, काही चॅनलांनी आपली वेगळी चूल मांडलीय. तिथे निकाल तुमच्या बाजूने लागला तर चॅनलला समज, माफीची पट्टी, व्हिडिओ काढून टाकणे, नाहीतर दंड, जास्तीत जास्त एक लाख. एक लाख! ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की एवढ्याशा दंडाने काही होत नाही, कार्यक्रमातून कमावलेल्या पैशाच्या मानाने तरी दंड असायला हवा.

तर आम्ही चॅनलला मेल केली. उत्तर आलं, इंग्रजीत, की फुटेज खरं आहे आणि आम्ही कुणाचंही नाव घेऊन आरोप केलेला नाही. म्हणजे लाल गोल काय आम्ही काढला का काय! पुढे जायचं तर काकूच नको म्हणाल्या, कारण तक्रारीत मुलाचं पूर्ण नाव पत्ता द्यावा लागणार आणि त्यातच लिहून द्यावं लागणार की होय, त्या दिवशी हा स्टेशनात होता. शेकडो लोकांवर गुन्हा होता, यादी उघडीच होती, कोण स्वतःहून आपलं नाव देईल? या अर्जाची खरी गोची ही आहे, ज्याचं नुकसान झालं तोच तो भरू शकत नाही. लांबचा, काही संबंध नसलेला माणूस मात्र आरामात भरू शकतो.

आणि अशा लांबच्या माणसांनी भरलेत, हेही सांगायला हवं, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. शेतकरी आंदोलनाच्या वेळी, जानेवारी २०२१ मध्ये, झी न्यूजने आंदोलक शेतकऱ्यांना खलिस्तानशी जोडणारे कार्यक्रम दाखवले होते, आणि २६ जानेवारीला लाल किल्ल्यावरून तिरंगा काढला अशी चुकीची बातमी दिली होती, त्यावर एकाने तक्रार केली आणि एनबीडीएसएने ती मान्य केली, व्हिडिओ काढायला लावले. कधी? नोव्हेंबर २०२१ मध्ये. ज्या महिन्यात पंतप्रधानांनी ते तीन शेती कायदे मागे घेतो म्हणून टीव्हीवर सांगितलं, त्याच महिन्यात. दहा महिने ते व्हिडिओ तसेच होते, तेवढ्यात ते किती गावांच्या किती ग्रुपवर फिरून आले असतील ते देव जाणे. बरं, आणि कोण म्हणतं सामान्य माणसाला कळत नाही, दिल्लीच्या वेशीवर, सिंघू बॉर्डरवर बसलेल्या शेतकऱ्यांनी तर डिसेंबर २०२० मध्येच ट्रॉली टाइम्स नावाचा स्वतःचा पेपर काढला होता आणि गोदी मीडिया परत जा असे फलक लावले होते. कंटाळून गिऱ्हाईकाने स्वतःच दुकान टाकलं.

आता टूलकिट, म्हणजे शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा ते लिहिलेला एक ऑनलाईन कागद. हे मराठी लोकांनी विसरू नये कारण त्यात आपलं बीड होतं. फेब्रुवारी २०२१, ग्रेटा थनबर्गच्या ट्विटवरून दिल्ली पोलिसांनी केस केली, १३ तारखेला बंगळुरूहून दिशा रवी नावाच्या २२ वर्षांच्या मुलीला उचललं, आणि मुंबईची एक वकील आणि बीडचा एक इंजिनियर यांच्या मागे पोलीस. बीडच्या त्या पोराला औरंगाबाद खंडपीठाने १६ तारखेला अटकेपासून दहा दिवसांचा दिलासा दिला, तो कुणाला आठवतो? पण मास्टरमाईंड, आंतरराष्ट्रीय कट, पैसा कुठून आला हे शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत, मला आत्ता परवा ट्रेनमध्ये एक बाई म्हणाल्या, ते बीडचं देशद्रोहाचं प्रकरण होतं ना. अहो मावशी, काय प्रकरण होतं ते सांगा ना मला, म्हटलं. टीव्हीवर होतं म्हणाल्या.

दिशाचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट तर ती कोठडीत असतानाच स्क्रीनवर आले. ती दिल्ली हायकोर्टात गेली, न्यूज १८, इंडिया टुडे आणि टाइम्स नाऊ यांना त्यात पार्टी केलं. पोलिसांनी कोर्टात सांगितलं आम्ही काहीही लीक केलेलं नाही. मग चॅट काय उडत आले? कोर्टाने १९ फेब्रुवारीला चॅनलना सांगितलं की खात्रीच्या सोर्सवरूनच दाखवा, संपादकांनी लक्ष घाला, तपासात अडथळा येईल असं करू नका. चार दिवसांनी, २३ तारखेला, सेशन्स जज धर्मेंद्र राणा यांनी तिला जामीन दिला. तो आदेश मी सगळा वाचला, इंग्रजी जरा जड आहे पण वाचण्यासारखा आहे. पुरावा तुटपुंजा आहे, सरकारचा अहंकार दुखावला म्हणून देशद्रोहाचं कलम लावता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवणं हा गुन्हा नाही, असं सगळं त्यात आहे आणि मध्येच चक्क ऋग्वेद आहे, आ नो भद्राः क्रतवो यन्तु विश्वतः, चांगले विचार सगळ्या दिशांनी आमच्याकडे येवोत. आमचे सासरे, अण्णा, ज्यांची सकाळची पूजा कधी चुकत नाही, ते हा श्लोक ऐकून एकदम म्हणाले, हे त्या पोरीच्या जामिनात आहे? हे आम्हाला कुणी सांगितलं नाही ते! दहा दिवस तिचा चेहरा बघत होते अण्णा रोज, जेवताना, आणि एवढं एक वाक्य त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं.

गंमत म्हणजे पोलिसांसाठी नियम आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाचं १ एप्रिल २०१० चं एक पत्रक आहे, पोलिसांनी मीडियाशी कधी आणि किती बोलावं यावर, दिशाच्या केसमध्येही त्याचा उल्लेख झाला. त्यात टप्पे दिलेत, गुन्हा नोंदवला की सांगा, अटक झाली की सांगा, आरोपपत्र दाखल झालं की सांगा, आणि शेवटी शिक्षा झाली की सुटका झाली ते पण सांगा. शेवटचा टप्पा कागदावर आहे हो! पण सुटका झाली म्हणून पोलिसांनी पत्रकार परिषद घेतलेली आणि चॅनलच्या गाड्या तिकडे पळालेल्या तुम्ही बघितल्यात का कधी? सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मंत्रालयाला सांगितलं तीन महिन्यांत नीट नियमावली करा. म्हणजे २०१० चं पुरत नाही हे कोर्टालाही पटलेलं.

एल्गार परिषदेचं (पुण्यातल्या त्या सभेवरून माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपाखाली झालेल्या अटकांचं) फार लिहीत नाही, तो वेगळा मोठा विषय आहे आणि आंदोलनातली अटक असं सरळ म्हणताही येत नाही. पण ऑगस्ट २०१८ च्या शेवटी पोलिसांच्या वरिष्ठांनी पत्रकार परिषद घेऊन आरोपींकडे सापडली म्हणून पत्रं वाचून दाखवली होती ती लाईव्ह बघितलेली मला आठवते, आणि तीनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, मुंबई हायकोर्टाने विचारलं की प्रकरण कोर्टात असताना पोलीस पुरावे असे वाचून कसे दाखवू शकतात. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टात न्या. चंद्रचूड यांनी अल्पमतातल्या निकालात पोलिसांच्या याच वागण्यावर ताशेरे मारले. त्यातल्या सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटल्या, रोना विल्सन आणि सुधीर ढवळे जानेवारी २०२५ मध्ये. अटक २०१८ ची. स्टॅन स्वामी तर जुलै २०२१ मध्ये कोठडीतच गेले, जामिनाची वाट बघत. दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवेल, मी कोण ठरवणारी, पण पत्रं वाचून दाखवायला लाईव्ह आणि जामिनाला पट्टी, हा हिशोब मला पटत नाही.

लोकांचा विश्वास उडालाय हे मी एकटीच म्हणत नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२१ च्या डिजिटल न्यूज रिपोर्टमध्ये भारतात बातम्यांवर साधारण विश्वास आहे असं म्हणणारे ३८ टक्के होते, आणि ते तर इंग्रजी वाचणारे ऑनलाईनवाले. पण विश्वास उडाला म्हणजे बघणं थांबलं असं नाही, हे आमच्या घरात रोज दिसतं. अण्णा रेल्वेत होते, १९७४ च्या संपाच्या वेळी नवीन नोकरीत होते, त्यांचे साहेब आणि दोस्त आत गेले होते, ते सांगतात की तेव्हा रेडिओ सरकारचाच, त्यामुळे कोण किती खरं सांगतंय ते आम्ही धरून चालायचो आणि खरी बातमी यार्डात चहावर मिळायची. आता म्हणे पन्नास चॅनल आहेत आणि यार्ड राहिलं नाही. असं म्हणतात आणि रिमोट मांडीवरच असतो! खोटं बोलतात लेकाचे म्हणायचं आणि आवाज वाढवायचा. मला वाटतं बहुतेक घरात हेच आहे. विश्वास नाही, पण अटक झालेल्या माणसाबद्दल जे मत बनतं ते तिथूनच बनतं, कारण दुसरीकडून काही येतच नाही ना.

आता तो दीड स्टार. एक पूर्ण स्टार खालच्या लोकांना, स्ट्रिंगर, तालुक्याचे बातमीदार, ज्यांना बातमीमागे पैसे मिळतात आणि ज्यांचं फुटेज वर स्टुडिओत जाऊन लाल गोल होऊन परत येतं. ते लाठीमारात मार खातात. राजापूरला शशिकांत वारिशे रिफायनरीवर लिहीत होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली घालून मारलं, आणि एप्रिलमध्ये बारसूत त्याच रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांची धरपकड झाली तेव्हा तिथली खरी हकीकत आम्हाला कळली ती अशाच लोकल लोकांच्या मोबाईल व्हिडिओतून, बायका भर उन्हात रस्त्यावर झोपल्या होत्या ते. आणि तो मनदीप पुनिया, फ्रीलान्स पत्रकार, जानेवारी २०२१ मध्ये सिंघू बॉर्डरवर त्यालाच पोलिसांनी उचललं, तिहारमध्ये आधीच अटक झालेले शेतकरी भेटले तर हा त्यांच्याशी बोलला आणि टिपणं स्वतःच्या पायावर लिहून घेतली, जामिनावर बाहेर आल्यावर त्यावरून बातमी लिहिली. स्टुडिओत एवढे टचस्क्रीन आहेत, पण अटक झालेल्या माणसाला काय म्हणायचंय हे ज्याने विचारलं त्याच्याकडे लिहायला नडग्या होत्या.

अर्धा स्टार जुन्या पेपरवाल्यांना, जे सातव्या पानावर का होईना, जामिनाची बातमी छापतात. ती कापून ठेवता येते हा फायदा आहे, काकूंसारख्यांना कुणाला दाखवायला कामाला येते.

घ्यावी का ही सर्व्हिस? निवडणुकीचा निकाल, पूर, वादळ यासाठी घ्या. आंदोलनाची बातमी असेल तर पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी लिहून ठेवा, कलमं कुठली, कोर्ट कुठलं, पुढची तारीख कधी, आणि त्या तारखेला स्वतः शोधा, कोर्टाच्या बातम्या देणाऱ्या वेबसाईट आहेत, इंग्रजीत आहेत ही अडचण आहेच, मराठीत असं रोजचं कुणी नीट करत असेल तर खाली सांगा, मी पैसे भरायला तयार आहे, खरंच. चॅनलने या तीन गोष्टी सांगितल्याच नाहीत तर समजा की ती बातमी नव्हती, पोलिसांचं प्रेसनोट वाचन होतं.

मी केबलवाल्याला सांगून पैसेवाली न्यूज चॅनल सगळी काढून टाकली. बिल किती कमी झालं विचारू नका, एका वडापावचे पण वाचले नाहीत. फुकटवाली आहेत तशीच आहेत, आणि अण्णांनी त्यातलंच दुसरं एक लावलंय, आवाज तेवढाच.